टिटवीचं चौथं अंडं

ढाणकीजवळच्या तांड्यावरचा खेमसिंग म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस! पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची, बैलबंड्यांवर चित्रं काढायची, हा त्याचा धंदा. लोकांना हवेत मोर नि कमळं. हा काढणार रानातला तरोटा, हिवराचं झाड, होला पाखरू. कोणी म्हटलं, "कमळ काढ ना बापा," की याचं उत्तर ठरलेलं, "कुठं पाह्यलं तुमी कमळ आपल्या शिवारात? दाखवा, काढतो." घ्या! अशा माणसाला काय बोलणार?

बरं, ती चित्रं टिकायची किती? शिंगं दोन पावसांत धुऊन निघायची, बंड्या चिखलानं भरायच्या. म्हणून १९६१ च्या उन्हाळ्यात सरपंच विठ्ठलरावांनी नव्या शाळेची अख्खी भिंत त्याच्या हाती दिली, तेव्हा खेमसिंगला आभाळ ठेंगणं झालं. पंधरा दिवस गडी भिंतीला चिकटून होता. वर पळस, पळसावर होले, खाली ढेकळांत टिटवी नि तिची तीन अंडी.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी विठ्ठलराव आले. पळसावर खूश, होल्यांवर खूश. टिटवीपाशी मात्र थबकले.

"तीनच अंडी? अबे, टिटवीची चार अंडी म्हंजे चार महिने पानी, हे लहान लेकरालेही ठाऊक हाये. तू तर गावचा एक महिना खाल्ला! चौथं काढ."

"परवा शेतात जाऊन पाह्यलं भाऊ. तीनच होती."

"मंग काय झालं?"

"पळसाले पानं तीनच असतात, तिथंबी चौथं काढू काय?"

विठ्ठलराव तापले. "उद्या सकाळी चौथं नसलं, तर सारी भिंत चुन्यानं पोतून टाकीन!"

घरी बायको, सोनीबाई, कपाळाला हात लावून बसली. "एका अंड्यापायी पंधरा दिवसांची मेहनत मातीत घालता? काढा ना एक! कोन जाते मोजाले?"

"मी गेलतो ना," खेमसिंग म्हणाला.

तोंडानं ताठ, पण मनात एकच: भिंत गेली की पुन्हा शिंगं नि चिखल! उजाडताच तो शेताकडे धावला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत बोंबलत होती. खेमसिंग वाकला. एक, दोन, तीन... "ए याडी! माय गं, चार!"

काय सांगू त्याची अवस्था! धोतर सावरत, ढेकळांवर ठेचकाळत सुटला गडी शाळेकडे. विठ्ठलराव चुन्याची बादली घेऊन उभेच होते.

"काढतो! चौथं काढतो!"

"आता कसा वठणीवर आला!"

"वठणी गेली खड्ड्यात! आधी पाहाले चला!" आणि त्यानं सरपंचांचा हातच धरला.

शेतात विठ्ठलराव अंड्यांवर पाय देणार, तोच खेमसिंगनं त्यांना मागे ओढलं. ढेकळांच्याच रंगाची चार अंडी, टोकं मधोमध जुळवून ठेवलेली. विठ्ठलराव उकिडवे बसून पाहतच राहिले. साठी आली होती त्यांची; टिटवीच्या अंड्यांवरून जन्मभर पावसाचे अंदाज सांगितले, आणि अंडं आज पहिल्यांदा पाहत होते.

परत येऊन खेमसिंगनं कुंचला उचलला. रंगाची वाटी विठ्ठलरावांनीच धरली. उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांची जीप आली, तिकडे दोघांनी पाहिलंही नाही. खेमसिंगनं घाईघाईनं अंड्याची रेघ ओढली.

"अबे थांब!" विठ्ठलराव ओरडले. "टोक बाहेर काढून राह्यला काय? आत पाह्यजे, आत! आत्ताच पाहून नाही आलो काय आपन?"

खेमसिंगनं अंगठ्यानं ते अंडं पुसलं आणि हसत हसत पुन्हा काढलं.