शर्यतीच्या गणितातला एक गुण

निवृत्त झाल्यावर मी मिठबावात स्पर्धा परीक्षांचा वर्ग घेत असे. सकाळी सात ते नऊ. पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, जी परीक्षा निघेल ती. वेग, वेळ आणि अंतर हा माझा हातखंडा, त्यातही शर्यतीची गणिते. शाळेत शिक्षक असल्यापासूनची माझी एक वही होती. तिच्यातली उत्तरे मुले कणकवलीहून झेरॉक्स करून आणत. मी स्वतः गणित नव्याने क्वचितच सोडवी. वहीत पाहून सांगायची सवय कधी लागली ते आठवत नाही.

पाच वर्षांपूर्वी कणकवलीतल्या एका प्रशिक्षण वर्गाने आमच्या गावातून एकीला किंवा एकाला घेऊ असे कळवले. राहण्याजेवणाची सोय त्यांची, निवड माझी. मी चाचणी घेतली. त्यात हे गणित होते: शंभर मीटरच्या शर्यतीत पहिला दुसऱ्याला दहा मीटरने हरवतो, आणि तेवढ्याच शर्यतीत दुसरा तिसऱ्याला दहा मीटरने हरवतो. तर पहिला तिसऱ्याला किती मीटरने हरवेल?

वहीत उत्तर होते वीस. सगळ्यांनी वीस लिहिले, कारण मीच तसे शिकवले होते. एका मुलीने एकोणीस लिहिले. मी लाल फुली मारली आणि ती एका गुणाने दुसरी आली.

ती भात आणि काजू करणाऱ्या घरातली. पहिली आलीस तर कणकवलीला धाडतो, नाहीतर घर बघायचे, असे वडिलांनी तिला बजावले होते. हे मला ठाऊक होते.

दुपारी ती उत्तरपत्रिका घेऊन माझ्या पडवीत आली.

"सर, पयलो पोचता तेवा दुसरो नव्वदारच आसा ना? मग तिसरो त्याच्या धा मीटर मागे कसो? धा मीटर तो पुऱ्या शंभरात मागे पडता. नव्वदात नवूच पडतलो."

"पस्तीस वर्सा मी ह्या गणित शिकयतंय," मी म्हणालो. "आता तू माका शिकव. खडू देऊ तुका?"

पडवीत बसलेले दोघे शेजारी हसले. तिने कागदाची घडी घातली आणि ती गेली.

शेजारी उठल्यावर मी पेन्सिल घेतली. दोन ओळींत एकोणीस निघाले. तिचा एक गुण वाढत होता, बाकी सगळ्यांचा एक जात होता; पहिली तीच होती. नाव कळवायला अजून दोन दिवस होते. दोन दिवसांनी मी वहीप्रमाणे पहिली आलेल्या मुलीचेच नाव कळवले. इतकी वर्षे चुकीचे शिकवले हे गावासमोर म्हणायचे धैर्य नव्हते, एवढेच कारण. दुसरे काही शोधून सापडत नाही.

जिची निवड झाली ती पुढे पोलिसात लागली. तिचा यात काही दोष नाही. ही मात्र काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाऊ लागली. बाजारात समोर आली की मी मासळीच्या पाट्यांत डोके घाली. मग गुडघ्यांचे कारण सांगून वर्गही बंद केला.

गेल्या महिन्यात तिच्या घरी गेलो. ती अंगणात काजूच्या बिया वाळवत होती.

"तुझा उत्तर बरोबर होता," मी म्हणालो.

"ता माका ठावक आसा. तुमका कदी कळला?"

हा प्रश्न येईल असे वाटले नव्हते. खोटे सांगता आले असते.

"त्याच दिवशी. तू गेल्यार."

तिने मूठभर बिया पालथ्या केल्या. "माका सांगून काय उपयोग? बाबांका सांगा. ते अजून म्हणतत, आणखी थोडो अभ्यास केलंस असतो तर."

वडील मागे बागेत होते. मी गणित समजावू लागलो, तसा त्यांनी हात वर केला.

"गणित नको, सर. माझा चेडू पयला इला होता काय नाय, तेवढा सांगा."

"पयला इला होता."

त्यांनी हातातला कोयता झाडाला टेकवून ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाच वर्सा मी तेका बोलत रवलंय."

मग ते माझ्या पुढून अंगणात गेले, मुलीसमोर उकिडवे बसले आणि तिच्यासोबत बिया पालथ्या करू लागले. मला कोणी बसा म्हटले नाही, जा असेही नाही. अंगणाच्या कडेला काढलेल्या वहाणा घालायला मला वेळ लागला.