वडीलधाऱ्यांशी बोलायची भाषा

ईदच्या दिवशी कामावर येऊ नकोस, असं मी तिला दोनदा सांगितलं होतं. तरी सकाळची नमाज उरकून ही बया दहाच्या ठोक्याला ऑकलंडमधल्या ईस्ट टामाकीच्या आमच्या वेअरहाऊसमध्ये हजर. आम्ही तिथून दवाखान्यांना औषधं पाठवतो. मी शिफ्टची सुपरवायझर, ती माझ्या हाताखाली पॅकिंगला. वय चोवीस, कामाला चलाख, आणि मला 'तेतेह' म्हणते. तिच्या भाषेत तेतेह म्हणजे ताई. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला ते फार आवडलं होतं, पण मी तसं दाखवलं नाही. हाताखालची माणसं लगेच डोक्यावर बसतात.

तिची भाषा सुंदानीज, जावा बेटाच्या पश्चिमेकडची. शाळेत, टीव्हीवर, ऑफिसात बोलायची ती देशाची भाषा, इंडोनेशियन. सुंदानीज घरची. ऑकलंडमध्ये तिच्या वयाची आठदहा सुंदानीज पोरं आहेत, ती रविवारी भेटतात आणि आपापसात इंडोनेशियन आणि इंग्लिशची खिचडी बोलतात. सुंदानीज फक्त चेष्टा करायला नि शिव्या द्यायला. असं का गं, म्हणून मी विचारलं. तर म्हणाली, मित्रांत चालते ती साधी सुंदानीज, थोरांशी बोलायची वेगळी. जेवणं, झोपणं, जाणं, सगळ्याला वेगळे आदराचे शब्द. ते आमच्या पिढीला धड येत नाहीत, आणि चुकून साधा शब्द तोंडातून गेला तर थोरांचा अपमान होतो. त्यापेक्षा इंडोनेशियन बरी, तिथे कोणी लहानमोठं नाही.

"म्हणजे आजोबांचा मान राखायचा म्हणून त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायचंच नाही?"

"हो," ती म्हणाली.

मला हसू आलं होतं. कसला हा उलटा कारभार, म्हणून.

ईदला त्यांच्यात लहानांनी थोरांची माफी मागायची असते. वर्षभरात बोलण्याचालण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला, अशी. आजोबांना ती आकी म्हणते. आई-बाप शहरात नोकरीला, त्यामुळे ही आकींच्याच मांडीवर वाढलेली. यंदा आकींची माफी त्यांच्या भाषेत आणि आदराच्या शब्दांत मागायची, असं तिनं मनावर घेतलं होतं. महिनाभर घोकत होती. खोक्यांना टेप मारता मारता ओठ हलायचे. एकदा त्या नादात हॅमिल्टनच्या दवाखान्याचं खोकं पेनरोजच्या ढिगात टाकलं आणि माझी बोलणी खाल्ली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. तिकडे आकींकडे सकाळ होती. फोन मी धरला, कारण माफी मागताना तिला दोन्ही हात जोडायला मोकळे हवे होते. पडद्यावर काळी टोपी घातलेला एक सुकलेला म्हातारा. तिनं मान खाली घालून सगळं म्हणून दाखवलं, एकदाही न अडखळता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, माझेही आले.

मग आकींनी काहीतरी विचारलं. छोटंसंच. तिनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शेवटी तिनं इंडोनेशियनमध्ये उत्तर दिलं. आकी हसले, आणि तेही इंडोनेशियनमध्ये बोलायला लागले. मला दोन्ही भाषांतलं एक अक्षर कळत नाही, पण बदल कानाला कळला. आवाज सावकाश झाला, स्वच्छ झाला, बँकेतला माणूस ग्राहकाशी बोलतो तसा. फोन संपेपर्यंत तसाच राहिला.

"काय विचारलं गं त्यांनी?"

"जेवलीस का, एवढंच." तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "ते मी पाठ केलं नव्हतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं, तेतेह. पाहुण्याला घेतात तसं."

मला कुणी रडायला लागलं की काही सुचत नाही, आणि सुचलं नाही की राग येतो. मी म्हटलं, "अगं, एवढा समजूतदार आजोबा मिळालाय, रडतेस कसली? डबा खा."

तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "तू तुझ्या वडिलांशी कोणत्या भाषेत बोलतेस?"

"मराठीत. आणखी कोणत्या बोलणार?"

"पण तू म्हणाली होतीस, तुमच्या गावची वेगळी आहे."

माझा पाराच चढला. सुट्टी संपली म्हणून सांगितलं आणि उठले. सुट्टीची अजून दहा मिनिटं शिल्लक होती.

आमच्या गावची वऱ्हाडी. बाबांची पिठाची गिरणी. जन्म त्या घरघराटात गेला, त्यामुळे त्यांचा आवाज असा की चार घरं सोडून पाचव्या घरात ऐकू जावा. मला हाक मारायचे ती 'काय वं माय' अशी. फार्मसीला पुण्यात गेले आणि महिन्याभरात माझी जीभ बदलली. बदलली कसली, मीच ती बदलली. 'करून रायली' म्हटलं की होस्टेलच्या पोरी पोट धरून हसायच्या, पुन्हा म्हण म्हणायच्या. एका सकाळी बाबा वड्यांचा डबा घेऊन आले आणि फाटकातूनच ओरडले, "आलो वं माय, खाली ये." वरच्या खिडक्यांतून हसू फुटलं. मी खाली गेले, डबा घेतला आणि म्हटलं, "बाबा, इथे असं बोलू नका ना. जरा नीट बोला." ते "बरं" म्हणाले. बसस्टॉपपर्यंत मी सोबत गेले.

त्यानंतर बाबा माझ्याशी नीट बोलतात. पुण्यात बोलले, लग्नात बोलले, आता फोनवर बोलतात. नवरा पुण्याचा, मुलगी इंग्लिशमध्येच उत्तरं देते, त्यामुळे घरात वऱ्हाडी यायला दारच नाही. दर रविवारी दुपारी तीनला मी व्हिडिओ कॉल लावते, तिकडे सकाळ असते. हवा काय म्हणते, तब्येत काय म्हणते, पाऊस झाला का. पाच मिनिटांत संपतं. मी इतकी वर्षं समजत होते की वय झालं, त्यांना बोलायला काही उरलं नाही.

ईदनंतरच्या रविवारी पाच मिनिटं झाली, बाबा म्हणाले, "ठेवतो मग," आणि फोन ठेवला. पण ठेवला म्हणजे नुसता बाजूला ठेवला. बंद करायचा राहिला. पडद्यावर छताचे पत्रे दिसत होते आणि वहिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता. मी बंद करणार, तेवढ्यात बाबांचा आवाज आला. गिरणीतला, पूर्वीचा.

"पोट्टीसंग बोलाचं म्हंजे इस्तरीचा सदरा घालून बसल्यावानी लागते मले. पयले मनात जुळवा लागते, मंग तोंडातून काढा लागते."

"मंग सांगा ना ताईले," वहिनी म्हणाली.

"कायले? तिनंच त सांगतलं होतं नीट बोलाले. थे तिकडे मोठ्या मानसाइत रायते. एखांदा शब्द चुकला त तिले खाली पाहा लागन." जरा थांबून म्हणाले, "रविवारची वाट पायतो मी. पन फोन ठेवला का जीव सुटते."

चोरून ऐकणं वाईट, हे मला कळत होतं. तरी मी ऐकत राहिले. मग ते शेजाऱ्याच्या बोकडाबद्दल बोलायला लागले. त्यानं कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर खाल्लं होतं, आणि बाबा त्या माणसाची नक्कल करून दाखवत होते. वहिनी हसत होती, बाबा तिच्याहून मोठ्यानं हसत होते. धोतरवाला कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वीस वर्षांत त्यांनी मला असं एक बोकडाचं काही सांगितलं नव्हतं. मी सोफ्यावर बसून ढसाढसा रडले, नवऱ्यानं काय झालं विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

सोमवारी त्या पोरीला सगळं सांगितलं. हाताखालच्या माणसाला असलं काही सांगू नये, पण सांगितलं. ती म्हणाली, "मग बोल ना तू त्यांच्या भाषेत. तुला कुठे आदराचे शब्द पाठ करायचेत?" खरंच होतं तिचं. आकी माझ्या बाबांसारखेच भाषा बदलून बोलले होते, पण ते नातीला जड जाऊ नये म्हणून. ती आजोबांना भिऊन गप्प बसली होती. मला भीती कसली होती, मला बाबांची लाज वाटली होती. आणि त्या लाजेपायी म्हातारा माझ्यासमोर वीस वर्षं सदऱ्याची बटणं लावून बसलाय.

आठवडाभर मी गाडी चालवताना मोठ्यानं बोलून पाहिलं. मोटरवेवर काचा बंद करून. जीभ आधी वळेना. शब्द आठवायचे, पण नाटकात वऱ्हाडी बाई करावी तसे बाहेर पडायचे. शुक्रवारपर्यंत जरा बरं जमायला लागलं. कामावर ती पोर रोज विचारायची, "आज कसं झालं?" आणि मी तिला आकींचं विचारायची. तिनं आकींना सांगून ठेवलं होतं, मी चुकेन, तुम्ही हसा, पण भाषा बदलू नका. आकी हसतात म्हणे पोटभर. ते सांगताना तिचा चेहरा बघवत नव्हता, इतका मला हेवा वाटला.

रविवारी तीनला फोन लावला. बाबा ओट्यावर बसलेले, दाढी केलेली. मी म्हटलं, "काय करून रायले बाबा? चा झाला काय? तुमच्यासंग लय बोलाचं हाय मले."

बाबा बघत राहिले. मागे वहिनीचा हात भांडं घासता घासता थांबला. मला वाटलं, आता येईल. आता म्हणतील, काय वं माय. मी फोन कानाजवळ नेला, चेहरा दिसेनासा झाला तरी.

"वा," बाबा म्हणाले. आवाज सावकाश, स्वच्छ. "छान बोलतेस. अजून येतं की तुला."