ताईच्या वाट्याचं पाणी

सोफ्याच्या त्या दुकानात गिऱ्हाईक दोन गोष्टी बघून घ्यायचं. एक कापड, आणि दुसरी ताई.

सोफा शिवून तयार झाला की तिचा धाकटा भाऊ, ज्याला सगळी गल्ली काडी म्हणायची, तोंडातले खिळे हातावर काढून हाक द्यायचा, "ताडे, बस गं!" आणि ताई नुसती टेकायची नाही, अंग सोडून बसायची. आतून स्प्रिंग कुरकुरली तर सोफा पुन्हा उलटा व्हायचा, पट्टे नव्याने ताणले जायचे. नाही कुरकुरली, तर काडी गिऱ्हाइकाला म्हणायचा, "न्या बिनघोर. ही बसून उठली आणि हा अजून उभा आहे, म्हणजे तुमच्या नातवंडांच्या उड्या हसत झेलेल." लोक हसायचे. ताईसुद्धा हसायची. तिच्या अंगावरून चेष्टा करायचा हक्क जगात एकालाच होता.

हा हक्क त्याने लहानपणीच कमावला होता. त्यांची आई ताटात शीत टाकू द्यायची नाही, आणि काडीचं पोट तर चार घासांत भरायचं. आई पाठमोरी झाली की त्याचं ताट अलगद ताईपुढे सरकायचं. ताई दोन्ही ताटं चाटून-पुसून लख्ख करायची. मार एकाचा वाचला, चरबी दुसरीला चढली. "तुझ्या अंगावरचं अर्धं मांस माझं आहे," काडी मोठेपणीही म्हणायचा. ती म्हणायची, "मग ने की परत! मला कुठं सोस आलाय ओझी वाहायचा."

ताईचं लग्न झालं नाही. दोन-तीनदा बघायला लोक आले, दुकानातल्या सोफ्यावर बसले, सोफ्याचं कौतुक करून गेले. खाली दुकान, वर घर, घरात भाऊ आणि भावजय. एवढ्यातच तिचं सगळं होतं, आणि ते तिला पुरत होतं.

मग काडीच्या दोन्ही किडन्या गेल्या.

एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. मशीनवरून उतरला की तो पिळून वाळत टाकलेल्या फडक्यासारखा दिसायचा. डॉक्टर म्हणाले, घरात कुणी किडनी देणारं आहे का बघा. ताईने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. आडवं आलं ते वजन. "एवढ्या वजनावर तुमची किडनी काढणं धोक्याचं आहे," डॉक्टर म्हणाले. "आधी वजन उतरवा."

ताईने खाणं तोडलं. जिने चढून-उतरून गुडघे सुजवले. काटा दोन पावलं मागे जायचा, एक पाऊल पुढे यायचा. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पोटाच्या ऑपरेशनचं सुचवलं. पोटाची पिशवी कापायची, केळ्याएवढी नळी ठेवायची. मग वजन झरझर उतरतं. सहा-सात महिन्यांत किडनी देता येईल.

"कापलेलं पुन्हा वाढतं का?" तिने विचारलं.

"नाही. ते कायमचं गेलं."

"मग कापा."

भावजय दाराशी उभी होती. ती तोंडाला पदर लावून रडली. काडी मात्र म्हणाला, "आता सोफे तपासायला माणूस ठेवावा लागणार. जाहिरात देऊ, वजनदार पाहिजे."

ऑपरेशन नीट झालं. त्रास झाला तो घरी आल्यावर.

आधी वारा. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेला वारा निघता निघेना. तो वर चढून खांद्यात जाऊन बसला, जणू कुणी खिळा ठोकून वर चिंधी गुंडाळली आहे. ढेकर यायची नाही, उचकी लागली की थांबायची नाही. अंगठ्याएवढ्या वाटीतलं सूप अर्धं घेतलं की छातीच्या मध्ये गच्च व्हायचं, तोंडात पांढरा फेस जमायचा, आणि तो थुंकायला ती मोरीपर्यंत वाकून चालत जायची. पोट साफ होण्याचं तर नावच नको. ज्या बाईने जन्मभर दोन ताटं संपवली, तिला चमचाभर दुधाची धास्ती वाटायला लागली.

आणि पाणी. सगळ्यात अवघड ते पाणीच.

हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनी बजावलं होतं, घोटघोट करत दिवसभरात मोठी बाटली संपलीच पाहिजे. गटागटा प्यायचं नाही आणि थांबायचंही नाही. "पाणी कमी पडलं तर ताण किडनीवर येतो," त्या म्हणाल्या होत्या, "आणि तुमची एक किडनी आता तुमची एकटीची नाही." ताईला हे पाठ होतं. पण पाणी घशाखाली गेलं की आत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं व्हायचं. साधं पाणी, तेही गिळवेना.

समोरच्या खाटेवर काडी. त्याला लघवी होतच नव्हती, त्यामुळे प्यायलेला प्रत्येक थेंब अंगातच साठायचा. सकाळी बायको एका लहान भांड्यात त्याचं दिवसाचं पाणी मोजून ठेवायची. गोळी गिळायची ती त्यातच, जीभ ओली करायची ती त्यातच. दुपारपर्यंत भांडं कोरडं. मग तो बर्फाचा तुकडा तोंडात धरून भिंतीकडे बघत बसायचा.

भावजय दिवसभर खाली दुकान सांभाळायची. वर एका खोलीत दोघं. एकीपुढे पाणी आहे आणि पिववत नाही, दुसऱ्याला तहान आहे आणि पाणी नाही.

"देवाने वाटपात घोळ घातला," काडी म्हणायचा.

"तुझ्या-माझ्या वाटपात नेहमीच घोळ," ताई म्हणायची. हसलं की टाके ओढायचे, म्हणून पोटावर उशी दाबून हसायची.

पहिल्या आठवड्यात संध्याकाळी भावजय वर आली आणि अर्धी बाटली तशीच बघून तिचा चेहरा उतरला. "वन्सं, असं कसं चालेल? उद्याही असंच झालं तर मी हॉस्पिटलला फोन करणार."

फोन म्हणजे सलाईन, पुन्हा भरती, कागदावर शेरा. ताईच्या मनाने पुढचंही गणित मांडलं. प्रकृती साथ देत नाही, किडनी घेता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती बाटली छातीशी धरून बसली. घोट घ्यायची, फेस थुंकायची, पुन्हा घोट. ऊन खिडकीतून सरकत तिच्या खाटेवर आलं तरी पाण्याची रेघ हलेना. तिच्या डोळ्यांतून घळाघळा वाहायला लागलं.

"दे इकडे," काडी म्हणाला.

"गप बस."

"एक घोट. तुझी बाटली खाली होईल, माझा घसा ओला होईल. कुणाचं काय जातंय?"

"तुला चालत नाही ते."

"आणि तुला माझी भाजी चालायची का? तेव्हा आईला विचारून खायचीस?"

तिने बाटली दिली. त्याने एकच घोट घेतला, पण कसा! डोळे मिटून, घोट तोंडात इकडून तिकडे फिरवून, मग सावकाश खाली सोडला. बाळाला दूध मिळावं तसा त्याचा चेहरा सैलावला. तो चेहरा तिने बघितला, आणि तिथेच ती फसली.

दुसऱ्या दिवशी दोन घोट. मग त्याने मागायची गरज उरली नाही. खालून शिलाई मशीनचा आवाज यायला लागला, म्हणजे भावजय शिवायला बसली, की ताईच बाटली पुढे करायची. संध्याकाळी भावजय वर यायची, रिकामी बाटली उलटी करून बघायची. "सगळी? शाब्बास वन्सं! आता कसं!" दोघं लहानपणासारखी एकमेकांकडे न बघता बसायची.

डायलिसिसच्या काट्यावर त्याचं वजन वाढलेलं दिसलं. तिथला माणूस त्याच्यावर खेकसला, "काका, टाकी फुल करून येता काय? हृदयाला झेपत नाही हे!" काडीने कलिंगडावर ढकललं. घरी आल्यावर म्हणाला, "काटा माझा वाढतोय, तुझा उतरतोय. घरातलं वजन घरातच आहे." ताईला हसू आलं नाही. "आजपासून बंद," ती म्हणाली. दोन दिवस बंद राहिलंही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचे ओठ तडकून रक्त आलेलं तिने बघितलं. तिलाही उठलं की डोळ्यांपुढे अंधारायचं, लघवी चहासारखी व्हायची. पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. वजन भराभर उतरत होतं, आणि तिचा डोळा फक्त त्या काट्यावर होता. थोडे महिने कळ काढायची. एकदा किडनी बसली की पी म्हणावं लेका विहीरभर.

मध्ये रविवार आला. रविवारी डायलिसिस बंद, त्यामुळे त्या वेळचं अंतर लांबायचं. उन्हाने पत्रे तापले होते, खोलीची भट्टी झाली होती. शनिवारी आणि रविवारी मिळून तो किती प्यायला ते ताईने बघितलं नाही. तिला मळमळत होतं, ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि बाटली मधल्या स्टुलावर होती. तिचा हात तिथपर्यंत पोचत होता. त्याचाही.

रविवारी चहाच्या वेळी तो खोकायला लागला. आडवं होता येईना. बसून, हात गुडघ्यांवर रोवून तो श्वास ओढायला लागला, प्रत्येक श्वासाबरोबर आत पाणी उकळल्यासारखा आवाज. त्याच्या तोंडाला फेस आला. ताईचा रोजचा फेस पांढरा असायचा. हा गुलाबी होता. तिने किंकाळी मारली, टाक्यांची पर्वा न करता उठली, त्याला पाठीमागून धरलं. तो एकच बोलला, "ताडे, घाबरू नको." अँब्युलन्स आली तोवर तो तिच्या अंगावर रेलला होता, आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत संपला होता.

लोक भेटायला आले. जी यायची ती आधी काडीच्या बायकोला मिठी मारायची आणि मग ताईकडे वळून म्हणायची, "बिचारीने त्याच्यासाठी पोट कापून घेतलं हो! देवाला बघवलं नाही." हे प्रत्येक वेळी ताईच्या आत खिळ्यासारखं उतरायचं. भावजय ऐकायची, मान हलवायची, आणि रोज सकाळी तिची बाटली भरून ठेवायची. ताईला त्या बाटलीकडे बघवायचं नाही.

एके सकाळी तिने भावजयीचा हात धरला. "ती बाटली मी संपवत नव्हते गं. तो प्यायचा. मीच द्यायची."

 भावजय हळूच खाटेच्या काठावर बसली.

"त्यांचे पाय सुजायचे," ती म्हणाली. "रात्री मी चेपायची तेव्हा बोट रुतायचं. आणि तुमची बाटली रोज रिकामी. तुमचे ओठ मात्र कोरडे." तिने बाटली उचलून मांडीवर घेतली. "मला जोडता आलं असतं, वन्सं. मी जोडलं नाही. बाटली रिकामी बघितली की मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, हे वाचणार."

"शिव्या दे मला."

"कुठल्या तोंडाने देऊ?" ती उठली. जिन्यापर्यंत गेली आणि तिथून वळून एकदम कडाडली, "पण द्यायला नको होतं हो तुम्ही! तुम्ही मोठ्या होतात!"

त्यानंतर त्यांच्यात बोलणं उरलं नाही. सूप वेळेवर यायचं, वाटी वेळेवर उचलली जायची. खाली मशीन चालायची.

ताईच्या तपासणीचे दिवस ठरलेले होते, ते चुकवून चालणार नव्हतं. कापलेलं पोट तसंच असतं, माणूस असो की नसो. अन्न जात नव्हतं आणि वजन उतरत होतं. गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या, "काय बारीक झाली बघ!" काही जणी तोंडावर सांगायच्या. चांगल्या मनानेच सांगायच्या.

काही महिन्यांनी अशाच एका तपासणीच्या दिवशी भावजय न बोलताच चप्पल घालून तिच्याबरोबर निघाली. बसमध्ये दोघी खिडकीबाहेर बघत होत्या.

त्या दवाखान्यात एक रीत होती. ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचणाऱ्या माणसाला काट्यावर उभं करून सगळे टाळ्या वाजवायचे. बाकड्यांवर बसलेली सगळीच ऑपरेशन झालेली माणसं, पोटावर हात ठेवून, घोटघोट पाणी पीत. ताई काट्यावर चढली. सिस्टरने आकडा बघितला, कागद बघितला आणि आनंदाने ओरडली, "अहो, गाठलंत की! बघा, याच वजनाला किडनीवाल्या डॉक्टरांनी होकार लिहिलाय!"

टाळ्या पडल्या. बाकड्यावरचा एक जाडजूड गृहस्थ म्हणाला, "ताई, आम्हालाही सांगा. एवढी जिद्द आणली कुठून?"

  खालच्या आकड्यावर ताईची नजर खिळली होती. तो आकडा मिळावा म्हणून तिने सगळं केलं होतं, आणि तो आता तिच्या पायांखाली होता.

"भावासाठी केलं त्यांनी," मागून भावजय म्हणाली. आवाज फुटका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्या नवऱ्यासाठी."

"वा! मग कधी आहे त्यांचं ऑपरेशन?"

 सिस्टरचा हात कागदावरच थांबला. गृहस्थाने मान खाली घातली.

"उतरा आता, ताई," थोड्या वेळाने सिस्टर हळूच म्हणाली. "मागे रांग आहे."

ताई उतरली नाही. खालच्या आकड्याकडे बघत ती काट्याची दांडी घट्ट धरून उभी राहिली, जणू उतरलं की तोही जाईल. भावजय पुढे आली. तिने एकेक बोट सोडवलं, दंडाला धरलं, आणि तिला खाली घेतलं.