केसरबाईंचे सोडे आणि नेत्राचा सर्व्हर

"याचं मुंडकं कुटं पडलं?"

नेत्राने पिशवीतून लॅपटॉप काढला तेव्हा तिच्या आईचा, केसरबाईंचा, पहिला प्रश्न हा. खरंच, त्याला स्क्रीन नव्हती, बॅटरीही मेलेली. रेवदंड्याच्या दुरुस्तीवाल्या परेशकडे तो भंगारात पडला होता. नेत्राने त्याच्या दुकानाची पाटी रंगवून दिली आणि त्या बदल्यात हे धड चौलला घरी आणलं.

"स्क्रीन लागत न्हाय गं. सर्व्हर करनार हाय मी याचा. आळीतल्या पोरांच्या नोट्स, लेक्चरचे व्हिडिओ सगळं यात. आपल्या वायफायवरून घ्यायचं, कुनाला नेट जाळायला नको."

"आन् वीज कोन जाळनार? तुजा परेश?"

हा नेत्राचा कॉलेजचा प्रोजेक्ट. दिनानाथ सरांची अट एकच: तोंडी परीक्षेपर्यंत सर्व्हर अखंड चालला पाहिजे. तो कधी बंद पडला हे तो स्वतःच नोंदवून ठेवतो, त्यामुळे लपवाछपवी नाही. पडला की नापास, पुढच्या सत्रात पुन्हा श्रीगणेशा.

सरांना केसरबाई माहीत नव्हत्या. ढग नुसता खाकरला तरी ही बाई घरभर बटणं बंद करत फिरे. देवळात निघाली, बटणं बंद. शेजारी गोदूकाकीकडे विरजण मागायला निघाली, तरी बंद. सर्व्हर लावला त्याच संध्याकाळी आभाळ गडगडलं, आणि टक्!

"शेवटची संधी," सर म्हणाले.

नेत्राने बटणावर चिकटपट्टी लावली, ती केसरबाईंनी सोलली. चिठ्ठी लावली, ती चूल पेटवायला गेली. मग नेत्राची नजर सोड्यांच्या बरणीवर गेली. उन्हाळ्यात कोळंबी सोलून, वाळवून, कावळ्यांशी भांडून जपलेले सोडे पावसाळी हवेत सादळले होते. थोरली नूतन माहेरी आली की तिला सोड्यांची खिचडी लागते, म्हणून केसरबाई हवालदिल.

नेत्राने थाळीत सोडे पसरले आणि सर्व्हरच्या कडेने गरम वारा येतो तिथे थाळी सरकवली. दुपारपर्यंत सोडे कुडुम कुडुम वाजायला लागले.

"अगो बाय! ह्यो तर कामाचा हाय!"

"व्हय, पन बंद केलास तर पुन्हा सादळतील हां."

त्या दिवसापासून सर्व्हरला रखवालदार मिळाला. वीज कडाडली की केसरबाईंचा हात बटणाकडे जाई, डोळे थाळीकडे जात आणि हात पदरात परत येई.

परीक्षेच्या दिवशी नेत्रा सरांसमोर मोबाइलवर सर्व्हरची माहिती दाखवत होती. तापमानाची रेघ एकाएकी नारळावर चढल्यासारखी वर निघाली. आणखी थोडी चढली असती तर यंत्र आपणहून बंद पडलं असतं. नेत्राने तिथूनच घरी फोन लावला.

"आई, काय केलंस?"

"काय न्हाय बा. गोदूनं पापड आनले. ऊब वाया जात व्हती, म्हून वरून गोधडी घातली."

"गोधडी? काढ, काढ ती!"

"वरडतेस कशाला? काढली. अगो, ह्यो तर तव्यावानी तापलाय! बटन बंद करू काय?"

"नको! हात लावू नको बटनाला! वारा घाल!"

"कशानं?"

"दिसेल त्यानं!"

फोनमधून फट्-फट् आवाज यायला लागला. मधेच गोदूकाकी ओरडली, "केसर, माजे पापड उडाले!" आणि उत्तर आलं, "उडूं दे! पोरगी नापास व्हईल!"

रेघ थबकली. मग हळूहळू उतरली.

सर चष्मा कपाळावर ढकलून बघत होते. "कुठला पंखा बसवलायस?"

"सूप आहे, सर. तांदूळ पाखडायचं."

सरांनी नोंदी तपासल्या. खंड नव्हता. त्यांनी गुणपत्रिकेवर लिहिलं: 'शीतकरण व्यवस्था: आई. समाधानकारक.' आणि सही केली.

नेत्राने फोनवर ते मोठ्याने वाचून दाखवलं. पलीकडे दम लागलेला श्वास.

"मंग पास तू झालीस का मी?"