न फोडलेला कांदा

मुलीनं बंगळुरूहून भाकरी, जवसाची चटणी आणि तिच्यावर कच्चं तेल, अशा ताटाचा फोटो पाठवला. "बाबा, आजकल इथे सगळे हेच खाऊन राहिले!" मग मीही जवस भाजले. त्या खमंग वासानं गोरखपुरातल्या याच घरातली एक दुपार समोर आली.

माझे वडील, आबा, गाव सोडून इतक्या दूर आले तरी पुढच्या खोलीत बसून रोज हेच गावाकडचं जेवायचे. कांदा जमिनीवर ठेवून बुक्कीनं फोडायचे. तो धप्प आवाज शेजारीही ओळखायचे. त्या दिवशी कॉलेजातला मित्र पहिल्यांदा घरी येणार होता. मी म्हणालो, "आबा, आत बसून जेवा न. वो क्या सोचेगा?"

"अच्छा," एवढंच म्हणून ते ताट घेऊन उठले.

मित्राशी बोलताना माझे कान आतल्या खोलीकडे होते. धप्प आवाज आलाच नाही. नंतर पाहिलं, तर भाकरी-चटणी संपली होती आणि कांदा ताटात तसाच अख्खा होता. तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

आज मी पुढच्या खोलीत, दार सताड उघडं टाकून जेवायला बसलो. बुक्कीनं कांदा फोडला. आवाज रिकाम्या घरभर गेला, आणि मी पुन्हा आतल्या खोलीकडे कान लावून बसलो.