डावं अंग

भिंगारच्या बाजारात त्याची एका खुर्चीची टपरी होती. बहात्तरच्या दुष्काळातही तो वाटीभर पाण्यात अख्खी दाढी करायचा आणि गालावर बोटं फिरवून म्हणायचा, "लोनी हाय, मास्तर, लोनी!"

मग त्याच्या अंगावरून वारं गेलं. हातपाय सावरले. डॉक्टर म्हणाले, डोळे शाबूत आहेत, पण मेंदू डावी बाजू विसरलाय. म्हणजे काय, ते मला कळलंच नव्हतं.

दुकान उघडलं त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. हात तसाच हलका. माझ्यासमोर उभं राहून त्यानं माझा डावा गाल केला, वस्तरा पुसला, टॉवेल झटकला. "लोनी!"

उजवा गाल, त्याच्या डाव्या हाताचा, साबणातच होता.

"अहो, ही बाजू?"

"कंची बाजू?" त्यानं अगदी मनापासून विचारलं.

मी हादरलो. थट्टा नव्हती ती.

"आमची कारभारीन डबा घिऊन येनार हुती," तो दाराकडे बघत म्हणाला. "आजून आली न्हाई."

ती कधीची त्याच्या डाव्या हाताशी स्टुलावर बसली होती, मांडीवर डबा घेऊन. ती उठली आणि खुर्चीला वळसा घालून त्याच्या उजवीकडे येऊन उभी राहिली.

"आलीस व्हय?" तो हसला. "लई उशीर केलास."