कोटाच्या अस्तरातली इंग्रजी क्रियापदं

आमच्या जिन्यातल्या कात्रीबाई गणवेशांच्या कारखान्यात बावीस वर्षं कापड कापतात. माप घ्यायला त्यांना फीत लागत नाही. शेजाऱ्यांची पोटं तर त्या दारातूनच मोजतात, आणि वर सांगतात.

यंदा मुख्य कापणारीची जागा रिकामी झाली आणि वरून फर्मान आलं, इंग्रजीची पहिली परीक्षा पास होईल तिलाच जागा. का म्हणे? कापड काय इंग्रजीत फाटतं? जिला विचारल्याशिवाय अख्खं खातं कात्री उचलत नाही, तिने या वयात 'आय अ‍ॅम, यू आर' घोकायचं! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण जागा हवी होती, आणि हक्काची होती.

कामात वही धरायला हात मोकळे नसत. खुणेचा खडू मात्र बोटांतच असे. मग अस्तराच्या तुकड्यावर 'गो, वेन्ट, गॉन' लिहायचं, पाठ झालं की ब्रशने झटकायचं. एक अस्तर झटकायचं राहिलं आणि तसंच शिवणीला गेलं.

परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक त्याच कारखान्याचा कोरा करकरीत कोट घालून आले. उकाडा मरणाचा. त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, अस्तर वर. पहिल्या बाकावर बाई. समोर त्यांच्याच अक्षरात अर्धी उत्तरं लटकलेली.

बाई उठल्या, कोट सुलटा केला आणि परत येऊन बसल्या.

कोटाला हात का लावला, असं पर्यवेक्षक साहेबांनी विचारलं. बाईंनी खरं ते सांगितलं. साहेबांनी अस्तर पाहिलं, बाईंचा पेपर ओढला आणि त्यावर लाल शाईने 'नक्कल' लिहिलं. घ्या! खरेपणाचं बक्षीस!

"बघून लिहायचं असतं तर गप बसून राहिले नसते का मी?" बाई म्हणाल्या. "आता तो कोट अंगात घाला साहेब, बटणं लावा, आणि विचारा. कुठलंही."

साहेबांनी त्या उकाड्यात कोट चढवला. आठ क्रियापदं विचारली. बाईंनी आठांची तिन्ही रूपं सांगितली आणि न विचारलेली बारा वर घातली. साहेबांनी घाम पुसत लाल शब्द खोडला. चुकलं, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.

जागा मिळाली. नेमणुकीचं पत्र आलं, ते पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत मराठीत. कात्रीबाई ते पिशवीतच ठेवतात. जिन्यात भेटेल त्याला वाचायला देतात आणि नव्याने संतापतात.